मासवडी जिथं अडली

आमच्या पारनेर तालुक्यात माझी ओळख शेतकरी म्हणून कमी आणि जेवणारा म्हणून जास्त आहे. कांदा काय, सगळेच पिकवतात. पण लग्नाच्या मांडवात मी शिरताना दिसलो की आचारी हळूच मागे जाऊन पिठाची दुसरी गोणी उसवतो, हे भाग्य सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. एका जत्रेत मी रश्शाच्या पातेल्याकडे नुसतं प्रेमानं बघितलं, तर रस्सा दोन बोटं खाली गेला, असं लोक सांगतात. मी तसं सांगत नाही. मी एवढंच म्हणतो, की मी तिथं उभा होतो आणि रस्सा खरोखर खाली गेला होता.

अशा माणसाचा घास अडायला लागला.

सुरुवात बाजरीच्या भाकरीनं झाली. घास तोंडातून नीट गेला, घशातून नीट गेला आणि छातीच्या मधोमध, हाडाच्या मागे, घाटात बंद पडलेल्या ट्रकसारखा उभा राहिला. मागून पाणी सोडलं. पाणी त्याच्या मागे जाऊन रांगेत उभं राहिलं. पुढे पुढे भात अडायला लागला, मग शिरा, मग एके दिवशी नुसता चहा. मी हार मानणारा नाही. शोध लावला. घास अडला की उठायचं, दोन्ही हात आभाळाकडे करायचे, छाती भरून श्वास घ्यायचा आणि टाचांवर चार उड्या मारायच्या. आत कुठेतरी काहीतरी घसरायचं आणि घास जायचा. म्हणून मी ताट घेऊन गोठ्यात जेवायला लागलो. तिथं जागा मोकळी आणि बघायला फक्त गाय. ती रवंथ करता करता थांबायची. पोटाचे चार कप्पे बाळगणारी बाई ती, तिला जेवणाचं काय नवल असणार? पण माझं जेवण तीसुद्धा मान वाकडी करून बघायची.

एकदा बायको दारात येऊन उभी राहिली.

"अहो, जेवताय का लेझीम खेळताय?"

"पचायला बरं पडतं असं."

"पचायचं मागनं बघू. आधी पोटात तर जाऊ द्या."

ती हसली नाही. मीच हसलो. आमच्याकडे पन्नाशी ओलांडलेला माणूस घास उतरत नाही म्हणाला, की लोक आजाराचं नाव घेत नाहीत. 'ते' म्हणतात आणि 'ते' म्हणताना आवाज खाली आणतात. मी तंबाखू सोडून बरीच वर्षं झाली होती, पण धरून त्याहून जास्त झाली होती. बायकोच्या मनात 'ते' होतं. माझ्याही मनात होतं. म्हणून तर मी उड्या जरा जास्त रंगवून मारायचो.

दवाखान्यात जायचं मी टाळत होतो, कारण घरात लग्नाचं बघणं चाललं होतं. आमचा मुलगा शेती करतो. डाळिंब लावलंय, कांद्याला ठिबक केलंय, स्वभावानं गरीब, दिसायला आईवर गेलेला, म्हणजे चांगला. त्याचा बायोडाटा इतक्या मोबाईलवर फिरला होता, की मुलाला न बघता त्याची उंची आणि रक्तगट तीन तालुक्यांना पाठ झाला होता. उत्तर सगळीकडून एकच यायचं. "मुलगा चांगलाय हो, पण पुण्यात काय हाय का?" पुण्यात आमचा कांदा जातो, एवढंच होतं.

आणि अशात अकोले तालुक्यातून एक स्थळ आलं. मुलगी शेतीचंच शिकलेली. तिनं म्हणे घरी साफ सांगितलं होतं, की मला शेती करणाराच नवरा पाहिजे, कारण मला शेतात काम करायचंय, फ्लॅटच्या गॅलरीत कोथिंबीर लावायची नाही. ही बातमी ऐकून मी खुर्चीवरून उठलो आणि अडलेला घास उडी न मारता खाली गेला. दोघांचं फोनवर बोलणं झालं. त्या दिवसापासून मुलगा कांद्याला पाणी देताना स्वतःशीच हसायला लागला. एकदा पाट फुटून सगळं पाणी शेजाऱ्याच्या वावरात गेलं, तरी हा हसतच होता.

आम्ही जीप करून गेलो. बायको, मुलगा आणि मी. डोंगराच्या कुशीतलं घर, खाली भाताची खाचरं. मुलीला वडील नाहीत. घरचा कारभार तिच्या मामाकडे. मामा म्हणजे साग तासून केलेला माणूस, उंच, ताठ, बोलण्यात धार. मुलगी बाहेर आली, पोहे दिले आणि खाली मान घालून बसायच्या ऐवजी मलाच विचारलं, "काका, तुमच्याकडे डाळिंबाला तेल्या रोग येतो का?" मी तिथंच मनात अक्षता टाकल्या.

आता आमच्या लोकांतली एक रीत सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मुलगी बघायला गेलं की पोहे आणि चहा. जेवायचं नाही. जेवण म्हणजे पसंती. चहा झाला की मुलीकडचा वडीलधारा विचारतो, "मग, ताटं करायची का?" मुलाच्या बापानं "आज घाई हाय" म्हटलं, की सगळं समजतं, कुणाला लागेल असा शब्द बोलावा लागत नाही. आणि बाप "करा" म्हणाला, पाटावर बसला, पोटभर जेवला, की झाली सोयरीक. तोंडानं दिलेला शब्द एक वेळ फिरतो, पोटानं दिलेला फिरत नाही.

मामांनी विचारलं, "मग, ताटं करायची का?"

"करा की," मी म्हणालो. मुलाचे कान लाल झाले.

ताट आलं. मासवडी होती. आमच्या भागातल्या माणसाला मासवडी काय ते सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. बेसन घट्ट शिजवायचं, ओल्या फडक्यावर थापायचं, आत तीळ, खोबरं, लसूण भरायचं, वळकटी करायची, दाबायची आणि वड्या कापायच्या. सोबत पेटता रस्सा आणि बाजरीची भाकरी. चवीला स्वर्ग, पण अंगानं भरीव. माझ्या छातीतल्या त्या घाटासाठी याहून वाईट गाडी सापडली नसती.

"तुमच्यासाठी मुद्दाम केलीय," मामा म्हणाले. "ऐकून हाये तुमच्याबद्दल. तुमी बसला का पंगत आडवी हुती म्हणं."

"लोक वाढवून सांगतात," मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदाच वापरलं.

पहिला घास गेला आणि उभा राहिला. त्याच्यावर दुसरा टाकला. दुसरा पहिल्याच्या डोक्यावर बसला. वर रस्सा ओतला, तो त्या दोघांवर तळ्यासारखा साचला. पंगतीत उड्या कशा मारणार? मी दोन्ही हात वर केले आणि छताकडे बघत म्हणालो, "वासं काय सरळ आहेत हो. साग का?" सगळ्यांनी वर बघितलं. तेवढ्यात मी बसल्या बसल्या टाचा आपटून घेतल्या. काही उपयोग झाला नाही. मग लाळ खाली जाईना. डोळ्यांत पाणी आलं. मामांना वाटलं तिखट झालं, त्यांनी गुळाचा खडा पुढे केला. मी उठलो, मागच्या दारानं केळीच्या बेटामागे गेलो आणि सगळं जसंच्या तसं बाहेर आलं. जसंच्या तसं म्हणजे खरोखर तसंच. आंबट नाही, कडू नाही. चवीला अजून मासवडीच होती.

परत येऊन मी ताटावर हात धरला. "बास. पोट भरलं."

पंगत थांबली. मामांनी माझ्या ताटाकडे बघितलं. भाकरीचा नुसता कोपरा मोडलेला, वड्या ओळीत बसलेल्या. ते एवढंच म्हणाले, "बरं."

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनंही ताट बघितलं आणि आत निघून गेली.

आम्ही जीपमध्ये बसून निघालो. संगमनेर मागे पडल्यावर मुलगा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "दादा, मुलगी पसंत नव्हती तर ताटं करा कशाला म्हणालात?"

"पसंत हाय रे."

"मग घास टाकून उठलात का?"

याला उत्तर होतं, पण ते गाडीत, ड्रायव्हरच्या समोर, पोराला कसं द्यायचं? मी म्हणालो, "पोट बिघडलं हुतं." मागच्या सीटवर बायकोनं नुसता श्वास सोडला.

दुसऱ्या दिवशी मामांचा फोन.

"पाव्हणं, आमच्या मासवडीत काय खोट निघाली?"

"खोट कशाची? पोट बरं नव्हतं. मुलगी पसंत हाय आमाला. लाख वेळा पसंत हाय."

"पोट बरं नव्हतं तर ताटावर बसायचं न्हाई. बसून उठल्यावर चार लोक काय म्हणतात, म्हाईतीय ना? म्हणत्यात, आत जाऊन मुलीत कायतरी दिसलं असंल. न्हाईतर म्हणत्यात, पाव्हण्यालाच कायतरी झालंय." इथं त्यांचा आवाज खाली आला, तोच 'ते'वाला आवाज. "तसलं काय न्हाई ना?"

"छे छे."

"मग आसं करा. चाकणच्या कंपनीतल्या एकाकडनं विचारणा हाय, त्यांना मी थोपवून धरतो. अमावस्येच्या आत या. बरं पोट घेऊन या. ताटावर बसा, जेवा, लगेच कुंकू लावू. न्हाई जमलं, तर तुमचं तुमच्याकडं, आमचं आमच्याकडं."

फोन ठेवला तेव्हा बायको समोर चपला घालून उभी होती. "चला नगरला," ती म्हणाली. "आता मला गोठ्यातला तमाशा नगं."

नगरच्या दवाखान्यातल्या डॉक्टर बाई तरुण होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. रंगवून सांगितलं, गायीसकट. त्या हसल्या नाहीत, लिहीत राहिल्या आणि एकच प्रश्न विचारला, "जे बाहेर आलं ते आंबट होतं का?"

"न्हाई. मासवडी हुती. परत वाढता आली असती."

"म्हणजे ते पोटात पोचलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "पोटात गेलेलं अन्न आम्लात भिजतं. ते आंबट होऊनच वर येतं."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. ती मला कितीतरी दिवस जे सांगत होती, ते शास्त्रानं सिद्ध झालं होतं.

मग कॅमेरा. काळी, लवचिक नळी तोंडातून आत. गुंगीचं औषध दिलं होतं, त्यामुळे मी आत काय बघितलं ते मलाच नीट आठवत नाही, पण बाईंनी नंतर फोटो दाखवले. फोटोच्याही आधी त्यांनी एक वाक्य सांगितलं.

"गाठ नाहीये."

मी म्हणालो, "हे परत एकदा म्हणा."

त्या म्हणाल्या. बायको खाली बसली. खुर्ची तिच्या मागे होती हे नशीब. ती पदरानं चष्मा पुसत राहिली, पुसून झाला तरी पुसत राहिली. आणि मला, खोटं सांगत नाही, एवढी भूक लागली की समोरच्या टेबलावरचं प्लास्टिकचं पोट मला उकडलेल्या रताळ्यासारखं दिसायला लागलं.

पुढे पडद्यावरची तपासणी. कालवलेल्या चुन्यासारखं दिसणारं, दाट, पांढरं औषध प्यायला दिलं आणि मला एक्स-रेच्या यंत्रापुढे उभं केलं. काचेमागून बायको बघत होती. आता मी बरीच नाटकं, तमाशे, कुस्त्या बघितल्यात, पण स्वतःचा घास आतून बघण्यासारखा खेळ मी बघितला नाही. बाई म्हणाल्या, "गिळा." मी गिळलं आणि पडद्यावर माझी जीभ एखाद्या पैलवानासारखी मागे सरकली, टाळ्याला टेकली आणि तिनं पांढरा लोट मागे ढकलला. त्याच क्षणी स्वरयंत्र वर उचललं गेलं आणि श्वासनळीवर एक झाकण पडलं. एवढं चपळ झाकण, की घास गेला, झाकण उघडलं, मला काही कळायच्या आत श्वास परत सुरू.

"हे मी केलं?" मी विचारलं.

"जिभेचं तुम्ही केलं. घशाच्या पुढचं आपोआप होतं. तिथून खाली तुम्हाला कुणी विचारत नाही."

घरात माझं तसंच आहे, म्हणून मला ते लगेच पटलं.

मी आजवर समजत होतो की घास वजनानं खाली पडतो, विहिरीत धोंडा पडावा तसा. बाई म्हणाल्या, तसं नाही. अन्ननलिका मांसाची असते. घासाच्या मागे आवळते, पुढे सैल होते, अशी लाट करत करत त्याला आठ-दहा सेकंदांत खाली नेते. तुम्ही डोकं खाली, पाय वर करून जेवलात तरी घास पोटातच जाईल. मी त्यांना सांगितलं, की लहानपणी चिंचेच्या फांदीला उलटं लटकून मी आकडेच्या आकडे खाल्लेत आणि चिंच कधी नाकातून बाहेर आली नाही. त्यामागे एवढं शास्त्र आहे हे माहीत असतं तर मी खाली उतरलोच नसतो.

पण माझी लाट बिघडली होती. पांढरा लोट सरसर खाली आला आणि तळाशी थबकला. नळी तिथं फुगून कणगीसारखी झालेली आणि तिचं खालचं टोक गाजराच्या शेपटासारखं निमुळतं. त्या शेपटातून पांढरा धागा तेवढा पाझरत होता.

"हे दार," बाईंनी बोट ठेवलं. "घास आला की हे सैल व्हायला पाहिजे, घास गेला की परत मिटायला पाहिजे. तुमच्या इथल्या नसा झिजल्यात. घास दाराशी येऊन उभा राहतो, पण उघड म्हणून दाराला निरोपच जात नाही. आणि वर ही कालची भाकरी आहे बघा, अजून."

कालची भाकरी. शेवटची एसटी चुकलेल्या म्हातारीसारखी बसून होती बिचारी.

काचेमागची बायको आत आली. "आन पोटाचं काय, बाई? पोट बरं हाय ना?"

"पोट उत्तम आहे. रिकामं बसलंय."

फोटोत मी माझं पोट बघितलं. गुलाबी, ओलं, आत घड्याच घड्या, गोधडी दुमडून ठेवावी तशा. जेवण यायला लागलं की त्या घड्या उलगडतात आणि पिशवी मोठी होते. वरचा भाग सैल पडून जागा करतो, खालचा भाग घुसळायला घेतो. आत आम्ल इतकं तेज की बहुतेक जंतू मरतात, पण आतून चिकट अस्तर असल्यानं पोट स्वतःला जाळत नाही. आणि सगळं घुसळून पातळ झालं की खालच्या दुसऱ्या दारातून थोडं थोडं आतड्यात सोडतं, घाई नाही. तेलातुपाचं जेवण असेल तर तासन् तास.

"म्हणजे वरून पंगत एका दमात आत घेत्यात आन खालून एकेक माणूस मोजून बाहेर सोडत्यात," बायको म्हणाली.

"अगदी बरोबर," बाई म्हणाल्या. त्या दिवसापासून माझी बायको या विषयात माझ्यापेक्षा वरचढ झाली आहे आणि ते ती मला विसरू देत नाही.

उपाय दोन होते. एक, दुर्बिणीतून दाराचा स्नायू कापायचा. दुसरा, नळीतून फुगा आत न्यायचा, दाराच्या बरोबर मध्ये ठेवायचा आणि फुगवून ते दार ताणून सैल करायचं.

"फुगा? जत्रंतला?"

"जरा महागातला," बाई म्हणाल्या. मग गंभीर झाल्या. कधी कधी नळीला इजा होऊ शकते, तसं झालं तर ऑपरेशन लागतं. काही वर्षांनी परत फुगा लागू शकतो. झिजलेल्या नसा परत येणार नाहीत, फक्त वाट मोकळी होईल. मी अमावस्येचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "सोयरिकीसाठी करू नका. तुमच्यासाठी करा." मी म्हणालो, "बाई, आमच्यात ते वेगळं काढता येत नाही."

दोन दिवस नुसत्या पातळावर राहिलो. मग फुगा. मला झोप लावली होती. पण गावात मी अशी माहिती दिली आहे, की फुगा फुगवला तेव्हा मी खाटेवरून वीतभर वर उचललो गेलो आणि दोन नर्सबायांनी मला पाय धरून खाली ओढलं. ज्यांना खोटं वाटतं त्यांनी फुगवून बघावं.

जाग आल्यावर छातीत ठणकत होतं. परत पडद्यापुढे उभं केलं, कुठे गळत नाही ना बघायला. घोटभर औषध प्यायलो. जीभ मागे, झाकण खाली, लोट निघाला, कणगीत शिरला. मी डोळे मिटले.

"अहो, डोळं उघडा," काचेवर टकटक झाली. "गेलं की ते. सरळ गेलं."

उघडले तोवर पांढरी रेघ दारातून पार होऊन पोटाच्या घडीत पसरली होती. न थांबता. दार बापडं बाजूला सरकून उभं होतं. संध्याकाळी साधं पाणी दिलं. ते थंडगार पाणी छातीतून उतरताना मला समजत गेलं, इथं, इथं, इथं, आणि मग पोटात पडलं. तो आवाज माळीवाड्याच्या स्टँडपर्यंत ऐकू गेला असणार. एवढे दिवस मी पाणी पीत होतो, पण पाणी पोचल्याचा अनुभव मी विसरलोच होतो. बाजूच्या खाटेवरच्या पेशंटला मी म्हणालो, "पोचलं." तो म्हणाला, "कोण?"

घरी निघताना बाईंनी सांगितलं: आधी पातळ, मग मऊ. घास बारीक, चावून चावून. ताठ बसून. जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, उशी उंच, कारण दार आता सैल आहे, खालचं आम्ल वर येऊ शकतं. "आणि पोट अर्धं भरलं की थांबायचं."

"अर्धं? बाई, माझी तालुक्यात अब्रू हाय."

"तालुक्याला सांगा, मी सांगितलंय."

मुलाला मी सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "मग आधीच का नाही सांगितलं?" आणि मी काही बोलायच्या आत उठून गायीला वैरण टाकायला गेला. बराच वेळ टाकत होता. गायीनं त्या दिवशी दोन दिवसांची खाल्ली.

अमावस्येच्या आत आम्ही परत मुलीच्या घरी पोचलो. या वेळी मामांनी पोहे विचारलेच नाहीत, सरळ पाट मांडले. भावकीतली चार वडीलधारी माणसं बोलावून ठेवली होती, साक्षीला म्हणा. पुरणपोळी होती, कटाची आमटी, भात. मऊ, तूप सोडलेलं. मी बसलो, ताठ. पंगतीतला एकही माणूस स्वतःच्या ताटाकडे बघत नव्हता.

पहिला घास. मी चावला. चावला. एवढा चावला की पुरणाचं परत डाळ आणि गूळ व्हायची वेळ आली. मग जीभ वर, आणि सोडला. गेला. मला हसू आलं. दुसरा. गेला. मी एवढा आनंदात होतो की पंगत माझ्यासाठी खोळंबलीय हे ध्यानातच आलं नाही. वडीलधारा उठेपर्यंत कुणी उठायचं नाही आणि मी तर अजून पहिल्या पोळीच्या काठावर होतो.

"पाव्हणं," मामा म्हणाले, "खाताय का दळताय?"

"सावकाश चाललंय."

"चालू द्या. रातच्याला दिवा लावू आमी." भावकी हसली. पण त्यांच्या डोळ्यांत हसू नव्हतं.

एक पोळी संपली. दुसरी वाढली. ती संपेपर्यंत बाहेरची सावली अंगणाच्या टोकाला गेली. पोट अर्धं भरल्याचं मला बरोबर समजलं, कारण आता माझी आणि त्याची ओळख झाली होती. मी हात आवरता घेणार, तोच मामांनी तिसरी पोळी माझ्या ताटात टाकली, वर तुपाची धार.

"आता न्हाई म्हणायचं न्हाई. तुमी सातवर थांबता म्हणं."

मी ताटाकडे बघितलं. वाढलेलं टाकणं म्हणजे गेल्या वेळेसारखंच. खाल्लं, तर दार सैल, वाकून नमस्कार करायला गेलो तरी सगळं बाहेर. आणि या वेळी ते आंबट असणार. मुलगा माझ्याकडे बघत होता. त्याचा हात ताटातच थांबला होता.

"मामा," मी म्हणालो, "मला ही पोळी जायची न्हाई. का, ते सांगतो."

आणि मग मी सांगितलं. छातीतला घाट, गोठ्यातल्या उड्या, छताचे वासे, केळीमागची मासवडी, पडद्यावरची जीभ, बंद दार, फुगा आणि आता नुसतं वाकलो तरी जेवण वर येईल असं सैल झालेलं दार. फुग्यानं मी खाटेवरून आता कमरेएवढा वर उचललो गेलो होतो, पण बाकी एक शब्द खोटा नव्हता. आतल्या दारात मुलीची आई आणि माझी बायको, दोघी उभ्या होत्या.

मामांनी आवाज खाली आणला. "म्हंजे... ते न्हाई ना?"

"ते न्हाई. कॅमेरा आत सोडून बघितलंय. फोटो हायेत, बघायचे?"

"जेवताना नगं." ते थांबले. "आन पोराला? पोराला हुईल का उद्या?"

"सहसा घराण्यात उतरत न्हाई, असं डॉक्टर बाई म्हणाल्या. सहसा."

त्या 'सहसा'वर सगळे विचार करायला लागले. मामा ताटातलं मीठ बोटानं इकडून तिकडे करत राहिले.

तेवढ्यात मुलगी बाहेर आली. हातात भाताचं भांडं होतं, ते तिनं खाली ठेवलं. माझ्यासमोर वाकली आणि माझ्या ताटातली ती तिसरी पोळी अलगद उचलली. पाहुण्याच्या ताटातलं वाढलेलं परत उचलायचं, हे आमच्यात कुणी ऐकलेलंही नाही. भावकीतला एक म्हातारा खाकरला. मामा म्हणाले, "अगं, अगं." ती दोन पावलं पुढे गेली आणि पोळी माझ्या मुलाच्या ताटात ठेवली.

"यांचं दार चालू आहे ना?" तिनं विचारलं.

मुलानं मान हलवली. त्याला बोलता येत नव्हतं, कारण त्यानं त्या पोळीचा अर्धा भाग एका दमात तोंडात घातला होता. त्या क्षणी मला खात्री पटली, की तो माझाच मुलगा आहे.

पहिल्यांदा माझी बायको हसली. मग मुलीची आई. मामांनी हसायचं नाही असं ठरवलं होतं, पण मिशी ऐकेना.

"आता पोरीनंच ताट फिरवल्यावर मी काय बोलू?" ते भावकीकडे बघत म्हणाले. "आना कुंकू. आन पेढं आना."

परात आली. मामांनी पेढा उचलला. आमच्याकडे सोयरिकीचा पेढा तोंडात अख्खा कोंबायची पद्धत आहे, समोरचा गुदमरला पाहिजे, तेव्हाच तोंड गोड झालं म्हणतात. मामांचा हात माझ्या तोंडापर्यंत आला आणि थांबला. त्यांनी पेढा मोडला. मग अर्ध्याचा अर्धा केला. तो इवलासा तुकडा माझ्या जिभेवर ठेवला आणि मागे सरकून, हात गुडघ्यावर ठेवून, माझ्या गळ्याकडे बघत बसले. भावकीही बघत होती. मुलगी बघत होती. मुलगा पोळी चावायचा थांबला होता.

मी चघळला, सोडला, वाट बघितली.

"गेला?" मामांनी विचारलं.

"गेला."

"मग वाकू नका," ते म्हणाले, आणि कुंकू लावायला स्वतःच उठून उभे राहिले.